उलटा शिवलेला लाल जोडा

आमच्या कागलकडच्या घरात पायताणाचा तळ पुरुष कापत आणि वेणी बायका घालत. बाजारात जोड विकला जाई तो मात्र कापणाऱ्याच्या नावाने. मला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. माझी सासू नुसती वेणी पाहून सांगायची, ही शेवंतीची, ही थोरलीची. घरात कळत होतं, तेवढं पुरे होतं.

लग्नानंतर काही वर्षांनी मी बहारीनला आले. हूरामधल्या गल्लीत यांचं, म्हणजे बाळाजींचं, चपला-बूट दुरुस्तीचं दुकान होतं. भागीदार गिरगीस. तो इजिप्तमधला कॉप्ट, म्हणजे तिथला जुना ख्रिस्ती. मिन्याजवळच्या गावचा आणि पिढीजात चांभार. दोघांचं बोलणं निम्मं हिंदी, निम्मं अरबी, पण कातड्याच्या बाबतीत कधी अडलं नाही. त्याच्या गावी कातडं कमावायला ज्या झाडाच्या शेंगा वापरत, ते झाड म्हणजे आपली बाभूळच निघाली, तेव्हा यांनी भर दुपारी दुकान बंद करून बिर्याणी मागवली होती. "आपण साल वापरतो, हे शेंगा. भाऊच की," म्हणाले.

हे गेल्यावर दुकान गिरगीसनेच चालवलं. आता त्याची नजर अधू झाली, हात थरथरायला लागले, आणि तो कायमचा गावी निघाला. जाण्याआधी त्याला एकच गोष्ट करायची होती. अदलियातल्या एका छोट्या कलादालनात हस्तकलेचं प्रदर्शन भरणार होतं. तिथे त्याला जागा मिळाली होती, त्याच्या लोकांचा जुना जोडा मांडायला. शेकडो वर्षांपूर्वी कॉप्ट घालत तसा: मंजिष्ठेने रंगवलेलं लाल कातडं, चवड्यावर सोनेरी पानं, आणि खिळा कुठेही नाही.

"चाळीस वर्षं लोकांच्या टाचा ठोकल्या," तो म्हणाला. "आमच्या हाताचं खरं काम इथे कोणी पाहिलंच नाही, उम्म सदानंद."

सदानंद माझा मुलगा. अरबी रीतीने गिरगीस मला 'सदानंदची आई' म्हणूनच हाक मारतो. मीही त्याला त्याच्या मुलीवरून अबू मरियम म्हणते.

डावा जोडा त्याने कसाबसा स्वतः पुरा केला होता. उजव्याला हात चालेना. म्हणून मी दुकानात जाऊन बसले.

हा जोडा शिवायची रीत न्यारी. कातड्याची चांगली बाजू आत ठेवून तळ आणि वरचा भाग एकमेकांना शिवायचा, म्हणजे टाके सगळे बाहेर. मग पाण्यात भिजवून मऊ करायचा आणि मोज्यासारखा उलटवायचा. टाके आत जातात आणि झिजत नाहीत. आमच्याकडे असलं काही नाही. जे शिवलं ते समोर दिसतं.

मी पुरा झालेला डावा समोर ठेवला आणि त्याच्या जोडीचा उजवा तळ कापला. आमची कातड्याची वादी, गिरगीसच्या लोकांचा मेण लावलेला दोरा. पण आरी हातात आली आणि बोटं आपोआप चालायला लागली. गिरगीसने शिवणीवरून अंगठा फिरवला. "तमाम," म्हणाला, म्हणजे उत्तम. डाव्याशेजारी ठेवला तर जोडी कशी शोभत होती.

शुक्रवारी संध्याकाळी प्रदर्शन होतं, म्हणून दुपारी जोडा उलटवायला घेतला. माझी सून निवेदिता आम्हाला गाडीने न्यायला आली होती. गिरगीसने भिजवलेला जोडा मांडीवर घेतला, आत लाकडी दांडी घातली, आधी चवडा ओढला, मग टाच. एक टाका उसवला नाही. त्याने दोन्ही लाल जोडे बाकावर मांडले.

निवेदिता वाकून पाहत राहिली. "आई, रागावू नका. हे दोन्ही डावे आहेत."

"चष्मा घाल."

"घातलाय."

मी पाहिलं. खरंच दोन्ही डावे. उजवा कापून शिवला आणि उलटवला, की तो डावाच होणार. जन्मभर सरळ शिवलेल्या बाईला हे सुचणार कुठून?

गिरगीसने दोन्हींत हात घालून खात्री केली. "लाल कातडं मफी, शिल्लकच नाही," तो म्हणाला. "खलास. एकच ठेवू. सांगू, मालकाला एकच पाय होता." हसला, पण तोंड उतरलं होतं.

"अजून ओला आहे ना?" मी म्हटलं. "परत उलटव."

"टाके बाहेर येतील."

"येऊ देत. उजवा तर होईल."

"अर्धा वाळलाय. फाटला तर?"

"माझे टाके आहेत, अबू मरियम."

त्याने हात पुढे केले, पण ते फारच थरथरत होते. मग मीच जोडा घेतला. दांडी लावून ओढताना कातडं कुरकुरलं. निवेदिताने डोळे मिटले. चवडा अडला, मग एकदम सुटला, आणि माझी सगळी शिवण बाहेर आली. अखंड.

कलादालनात आम्ही ते तसेच ठेवले: डावा पुरा, लाल, सोनेरी पानांचा, उजवा उलटा, मातकट, टाके बाहेर. लोक आधी सोन्याकडे जात आणि मग उलट्यापाशी रेंगाळत. तो कसा उलटतो हे गिरगीस हात हलवून सांगत होता, आणि सांगता सांगता त्याची पाठ सरळ झाली होती. आपल्या पणजोबांचं नावसुद्धा त्याने सांगितलं.

अबाया घातलेल्या एका बाईंनी विचारलं, "हा अर्धवट का ठेवलाय?"

"जोडा वापरात असतो तेव्हा हे कोणालाच दिसत नाही," तो म्हणाला. "आज दिसू दे."

"टाके तुमचे?"

"नाही. हिचे." त्याने माझ्याकडे बोट केलं. मला वाटलं, आता उम्म सदानंद म्हणेल. तो म्हणाला, "शेवंती." हे हाक मारायचे अगदी त्याच सुरात.

त्या बाई जोड्यावर पुन्हा वाकल्या. मी पदर सारखा केला आणि ताठ उभी राहिले.