ओढ्याकाठचा खुंटा

मी एक जुना खुंटा आहे. नाक मुरडू नका, मित्रांनो. मला कधी गाय बांधली नाही की बैल. मी हद्दीचा खुंटा आहे आणि त्याचा मला भारी अभिमान आहे.

जन्माने मी गोठ्याची तुळई. गोठा पाडला तेव्हा सुताराने माझे चार खुंटे केले, टोके जाळून काळी केली, म्हणजे मातीत लवकर कुजायला नकोत. डोक्याला पांढरा रंग दिला. त्या वर्षी एक योजना आली होती. ओढ्याकाठची दहा पावले जमीन नांगरायची नाही, तिथे गवत-झुडपे वाढू द्यायची, म्हणजे माती वाहून जाणार नाही. त्याबद्दल पाच वर्षे अनुदान. नांगर कुठे थांबवायचा, ते आम्ही खुंट्यांनी दाखवायचे.

आमच्या मालकीणबाई एकट्याच शेत बघत. जमीन इतकी कडक की पहार ठणठण वाजायची.

"पैशासाठी रोवतेय हं तुला, उगाच फुगू नकोस," त्या मला म्हणाल्या. मी तरीही फुगलो.

शेजारचे शेत त्यांच्या धाकट्या दिरांचे. तिथल्या खुंट्यांना पाय फुटत. दर नांगरणीला ते पाऊलभर ओढ्याकडे सरकत. तपासणीच्या मॅडम खुंटे मोजत, पावले कुणी मोजत नसे. शेवटी दिरांच्या दहा पावलांची सहा उरली. मी मात्र जिथल्या तिथे. मॅडम मला धरून हलवून बघत. खुंटा हलवून बळकट करणे म्हणतात ना, ते माझ्यावरूनच सुरू झाले असावे.

पाच वर्षे संपली आणि नवी योजना आली. अनुदान जास्त, पण जमीन नांगराखालची हवी. आधीच राखलेल्या काठाला काही नाही. झाले! जो तो खुंटे उपटू लागला. राखलेले नांगरायचे आणि पुन्हा राखायचे पैसे घ्यायचे.

"वहिनी, एकदाच नांगर फिरवा," दीर म्हणाले. "फोटो काढायचा, अर्ज करायचा. मग वाढू दे की गवत. तुमचं गळकं छप्पर तरी होईल."

छप्पर खरेच गळत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी दीर ट्रॅक्टर घेऊन आले आणि बाईंनी मला दोन्ही हातांनी धरले. मी फार घाबरलो. त्यांनी ओढले, मी हललो नाही. खोटे कशाला बोलू, त्यात माझा पराक्रम नव्हता. झुडपांच्या मुळांनी माझे पाय घट्ट धरले होते. मग त्यांनी फावडे आणून खणले, तर काळी, भुसभुशीत माती वर आली. तिच्यात गांडुळे वळवळत होती. बाई मूठभर माती घेऊन बसूनच राहिल्या.

"इथंच पहार वाजायची ना, भाऊजी?"

"खणा लवकर, डिझेल जळतंय."

"मग बंद करा. पाच वर्षं पैशासाठी राखली, आता माझ्यासाठी राखते."

त्यांनी माती परत लोटली आणि टाचेने माझ्याभोवती घट्ट दाबली.

मॅडम नवी यादी घेऊन आल्या. "ताई, नियमात तुमचं बसत नाही हो. मला वाईट वाटतं."

"मलाही वाटतं," बाई म्हणाल्या. त्या वर्षीही स्वयंपाकघरात गळतीखाली पातेली मांडलेली होती, असे त्याच सांगत.

दिरांनी मात्र काठ नांगरला, फोटो काढला, नवे खुंटे रोवले. पुढच्या पावसात ती मोकळी माती नव्या खुंट्यांसकट ओढ्यात गेली. आमचा काठ तसाच राहिला.

पाऊस ओसरल्यावर दीर खांद्यावर खुंटे आणि हातात दोरीचे भेंडोळे घेऊन आले. बराच वेळ घुटमळले.

"वहिनी, तुमच्या खुंट्याला दोरी बांधू का? माझी हद्द कुठं होती, तेच कळेना."

"बांधा. पण पावलं मी मोजणार."

मित्रांनो, आता माझा रंग उडाला आहे. शेताच्या कडेला माझ्यासारखा कुणी दिसला, तर गंमत म्हणून त्याला उपटू नका. त्याच्या मागे कुणीतरी काहीतरी राखलेले असते. मला कधी गाय बांधली नाही की बैल. दोरी बांधली ती एकदाच, आणि त्या दोरीने शेजारचे शेत दहा पावले मागे आले.