माशीमासाठी बंगाली

नितेशला ज्या म्हातारीनं रस्त्यावरून उचललं, तिला हिंदीचा एक शब्दही येत नव्हता. म्हणून त्याच्या आईनं, जमुनानं, पन्नाशी उलटल्यावर बंगाली शिकायला घेतलं.

नितेश सीमा सुरक्षा दलात. बंगालात नदिया जिल्ह्यात असताना एका दुपारी बाजारातून परतताना त्याच्या मोटरसायकलपुढं गाय आडवी आली. तो रस्त्याच्या कडेला फेकला गेला आणि पाय मांडीत मोडला. जवळच्या झोपडीतून एक म्हातारी धावत आली. तिनं जुनं लुगडं फाडून बांबूच्या कामट्यांनी पाय बांधला आणि गाडी येईपर्यंत त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. पुढं त्याला कोलकात्याला हलवलं, मग अमरावतीला घरी आणलं. पाय बरा होतो न होतो तोच राजस्थानात बदली झाली. म्हातारीचं नावही त्याला ठाऊक नव्हतं. गावाचं नाव आणि झोपडीसमोरचं तळं तेवढं लक्षात होतं. जमलेले लोक तिला माशीमा म्हणत होते.

नत्थुजी आणि जमुनाचा बडनेऱ्याच्या वाटेवर भाजीचा मळा. नत्थुजी पिकवायचे, जमुना अमरावतीत सराफ्याजवळ बसून विकायची. एखादं लुगडं पार्सलनं पाठवून द्यावं, असं नत्थुजींचं मत होतं. जमुनाला ते पटलं नाही.

"जिनं आपल्या पोराले मांडीवर घेतलं, तिच्यासमोर मी मुकी होऊन उभी राहू का? मले तिच्या भाषेत बोलाचं हाय."

सराफ्यात बंगाली कारागीर बरेच. त्यातल्या एकाची बायको शेफाली मयाळूची पालेभाजी घ्यायला जमुनाकडं यायची. मयाळू तिच्याशिवाय फारसं कोणी विचारत नसे. जमुनानं तिला सगळं सांगितलं, तेव्हापासून गिऱ्हाईक ओसरलं की शेफाली पोत्यावर टेकायची आणि शिकवणी सुरू व्हायची. केमोन आछेन म्हणजे कसे आहात. भालो आछि म्हणजे मी बरी आहे. आस्ते बोलुन म्हणजे हळू बोला. बंगाली माणूस पाणीही 'खातो' आणि चहाही 'खातो', हे ऐकून जमुनाला हसू आवरेना.

अडली ती 'माशी'पाशी. जिनं लेकाचा जीव वाचवला त्या बाईला माशी कसं म्हणायचं? शेफालीनं समजावलं की माशी म्हणजे आईची बहीण, मावशी. तरी घरी सराव करताना जमुना तो शब्द पुटपुटली की नत्थुजी हातानं माशी हाकलल्यासारखं करायचे.

एक वाक्य मात्र ती मेथीच्या जुड्या बांधताना, गवत काढताना, सारखी घोळवत होती. 'आपनि आमार छेलेके बाँचियेछेन.' तुम्ही माझ्या लेकाला वाचवलंत. बाँचियेछेन तिच्या जिभेवर नीट बसत नव्हतं. शेफाली म्हणायची, म्हातारी समजून घेईल.

दिवाळीनंतर दोघं निघाली. बडनेऱ्याहून हावडा, तिथून लोकल, शेवटी टोटो नावाची बॅटरीची रिक्षा. टोटोवाल्याला भाडं जमुनानंच 'कोतो' म्हणून विचारलं. नत्थुजी तिच्याकडं बघतच राहिले.

तळं सापडलं. म्हातारी अंगणात सुपानं मुरमुरे पाखडत होती.

"आमि नितेशेर मा," जमुना म्हणाली.

म्हातारीला नावावरून काही कळेना. जमुनानं मोटरसायकलच्या मुठी धरल्याचं दाखवलं, मग स्वतःच्या मांडीवर हात आपटला. म्हातारीच्या हातातलं सूप खाली आलं. तिनं एकदा जमुनाकडं पाहिलं, एकदा मान खाली घालून उभ्या असलेल्या नत्थुजींकडं. जमुनाचे डोळे भरून आले आणि घोळून घोळून पाठ केलेलं वाक्य कुठल्या कुठं गेलं. ते डोळे पाहून म्हातारी मटकन पायरीवर बसली आणि भराभर काहीतरी बोलू लागली.

जमुना बोलायला शिकली होती, ऐकायला शिकलीच नव्हती. ती म्हातारीच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "आस्ते बोलुन."

म्हातारीनं श्वास घेतला. लहान पोराला विचारावं तसं एकेक शब्द सुटा करून तिनं विचारलं, "छेलेटा... बेंचे आछे?"

बेंचे. जिभेवर न बसणाऱ्या त्या शब्दाचंच हे भावंड होतं. पोरगा वाचला का, असं म्हातारी विचारत होती.

"आछे," जमुना म्हणाली. "भालो आछे. खूब भालो आछे, माशीमा."

नत्थुजींनी लगेच नितेशला व्हिडिओ फोन लावला. नितेशनं तिकडं फोन भिंतीला टेकवला, दहा पावलं चालून दाखवलं, मग थोडं धावूनही. म्हातारीनं पडद्यावर त्याच्या पायावरून बोट फिरवलं.

थोड्या वेळानं हिंदी जाणणारी एक शेजारीण आली. तिनं सांगितलं की अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी माशीमा केळी घेऊन दवाखान्यात गेली होती. मुलाला दुसरीकडं नेल्याचं कळलं, पुढचं कोणालाच ठाऊक नव्हतं. तेव्हापासून रस्त्यानं वर्दीतला माणूस दिसला की ती त्याला थांबवून विचारायची.

 नत्थुजी हळूच म्हणाले, "आपल्याले काहून नाही सुचलं वो? पोट्टा बरा हाय, येवढंच तर सांगाचं होतं."



जेवताना तिला ते वाक्य आठवलं. तिनं ते अडखळत, पण पूर्ण म्हटलं. माशीमानं 'थाक, थाक', म्हणजे राहू दे, असं करत हात हलवला आणि तिच्या पानात आणखी भात वाढला.

निघताना जमुना 'जाच्छि', म्हणजे जाते, असं म्हणाली. माशीमानं तिच्या तोंडावर हात ठेवला आणि म्हणायला लावलं, 'आसि'. ह्याचा अर्थ जमुनाला कोणाला विचारावा लागला नाही. वऱ्हाडातही घरातून निघणारा माणूस येतो म्हणतो.

नितेशला माघात रजा मिळाली. तो अमरावतीला न येता आधी नदियाला गेला. जमुनाला त्याचं वाईट वाटलं नाही. थोडं वाटलं, पण ते तिनं नत्थुजींना सांगितलं नाही. दोन दिवसांनी शेजारणीच्या फोनवरून फोटो आला. अंगणात मांडी घालून नितेश भात खातोय आणि माशीमा त्याच्या पानात वाकून बघतेय, काही उरलं तर नाही ना म्हणून. नत्थुजींनी तो फोटो सराफ्याजवळ बसणाऱ्या एकूणएक भाजीवाल्यांना दाखवला.