पन्नीखालचं दार

पाच वर्षं झाली की गाडीचा रंग जपायला लावलेली पारदर्शक पन्नी काढावीच लागते, नाहीतर तिचा गोंद रंगाला धरून बसतो, असं पन्नीवाल्या सेवादासनं फोनवर सांगितलं, तेव्हापासून सुरभी दिवस मोजत होती. आज रविवारी तो हीट गन घेऊन यवतमाळहून नेरला आला होता. गरम हवेनं पांढऱ्या गाडीवरची पन्नी सालीसारखी सुटत होती.

बॉनेट झालं, उजवी बाजू झाली. चार वर्षांच्या सलोनीला कडेवर घेऊन सुरभी खांबाशी उभी होती. पाहवतही नव्हतं आणि आत जाववतही नव्हतं.

“पाहा बाबा, कसा कोरा रंग!” सुरभीचा नवरा रजत हरखला. राजूरच्या खाणीत नोकरी, घरी फक्त रविवारी. गाडीत त्याचा जीव.

“सूनबाईले चाबी देली तवाच सांगतलं होतं,” सासरे सदाशिवराव खुर्चीतून म्हणाले, “ओरखडा दिसला का चाबी माह्या खिशात.”

सेवादास डाव्या बाजूला आला आणि थबकला. “सायेब, सारी पन्नी हळदीवानी पिवळी झाली, अन् हे मागचं दारच पांढरं काहून? मधात बदलली काय?”

“नाही बा! लावली तशीच आहे. काढ तू,” रजत म्हणाला.

“कंपनीचा रंग निघत नाही. गॅरेजचा असन तं पन्नीसंगं पापुद्रा येते. मग मले बोलू नका.”

दारावरच्या पन्नीचा कोपरा सुटला. सुरभीनं हिशेब केला: बोललं तरी चाबी जाणार होती, गप्प राहिलं तरी जाणार होती. वर खोटं बोलल्याचा डाग.

“थांबा भाऊ,” सुरभी म्हणाली. “ते दार मी रंगवून घेतलं आहे.”

मग एका दमात सगळं सांगितलं. मागच्या पावसाळ्यात भरदुपारी सलोनीचा श्वास अडकला, ओठ निळे पडले. दवाखान्याच्या फाटकात वळताना दार घासलं. पोरगी वाचली. रविवारच्या आत, सर्व्हिसिंगच्या नावाखाली, तिनं गॅरेजात रंग देऊन वर नवी पन्नी लावून घेतली.

“अन् मले सांगतलं नाही?” रजत म्हणाला.

“अकरा फोन केलते त्या दिवशी. तुम्ही खाणीत होते.”

रजतनं दारावरून बोट फिरवलं.

सदाशिवरावांनी हात पुढे केला. “चाबी.”

“दे ना,” रजत पुटपुटला. “बाबा म्हणतात तं.”

तिनं चाबी त्यांच्या हातावर ठेवली. “अन् अर्ध्या रातीले हिचा श्वास अडकला तं गाडी कोण चालवन बाबा? तुम्ही?”

सदाशिवरावांनी उभ्या जन्मात बैलगाडीशिवाय काही हाकलं नव्हतं. “तवाचं तवा पाहू,” म्हणत त्यांनी मूठ मिटली.

“मग दाराची पन्नी काढू का राहू देऊ?” सेवादासनं विचारलं.

सलोनी खोकली. सुरभीनं तिच्या पाठीला कान लावला आणि तशीच उभी राहिली.