हलिमाची वाचायची राहिलेली पाने

मित्रांनो, माझे नाव विचाराल तर मला सांगता येणार नाही. माझे मुखपृष्ठ गेले, पहिली काही पाने गेली आणि त्यांच्याबरोबर नावही गेले. मी इंग्रजी भाषेतली एक कादंबरी आहे आणि आता फार जुनी झाले आहे. महाडच्या एका घरात, माळ्यावर, तेलाच्या रिकाम्या डब्यांशेजारी मी पडून असते. मी थकले आहे, म्हणून सावकाश सांगते. तुम्हीही घाई करू नका.

माझा जन्म परदेशातल्या एका छापखान्यात झाला. हलका कागद, साधी बांधणी. प्रवासात वाचावे आणि उतरताना तिथेच विसरावे अशी जी पुस्तके असतात, त्यांतली मी एक. माझ्यात समुद्रकाठच्या एका गावाची गोष्ट आहे. तिथे मार्था नावाची बाई घोडे पाळते आणि समुद्रावर गेलेल्या आपल्या भावाची वाट पाहते. जहाजावरच्या एका अधिकाऱ्याने मला एका बंदरात विकत घेतले, वाचले आणि नोकरी सोडताना जेवणाच्या टेबलावर ठेवून तो निघून गेला.

मला उचलले ते हैदर यांनी. ते महाडचे, आणि त्या जहाजावर स्वयंपाकी होते. शाळा थोडीच झालेली. इंग्रजी अक्षरे जोडून वाचण्यापुरती. कांदा चिरून झाला की ते मला पिठाच्या डब्यावर उघडून ठेवत. एखादा शब्द अडला तर चहा द्यायला जाताना कुणालातरी विचारून येत. माझ्या कितीतरी पानांवर त्यांच्या हळदीच्या बोटांचे ठसे आहेत. असे त्यांनी मला पुन्हा पुन्हा वाचले आणि माझ्यातूनच ते इंग्रजी बोलायला शिकले.

पुढे ते जहाज सोडून घरी आले. त्यांच्या पेटीतून मीही आले. नव्वदच्या दशकातली काही वर्षे सरली आणि काचबिंदूने त्यांची नजर गेली. तरी दुपारी ते मला मांडीवर घेऊन बसत आणि पानांवरून हात फिरवत.

घरात त्यांची सून होती, हलिमा. तिचा नवरा अझीम मस्कतला इमारतींच्या कामावर होता. हलिमाची शाळा सातवीतच सुटली होती. एका दुपारी तिने विचारले, "अब्बा, दिसत नाय तर पुस्तक कशाला घेऊन बसता?"

"वास घेतो गो," हैदर म्हणाले. मग म्हणाले, "तू वाच ना मला."

"मला कुठं इंग्लिश येतं?"

"अक्षरं तर येतात? तू नुसती अक्षरं वाच. अर्थ मी सांगतो."

अशी त्या दोघांची जोडी जमली. तिला अक्षरे दिसत, पण अर्थ कळत नसे. त्यांना अर्थ माहीत, पण अक्षरे दिसत नसत. पहिल्याच पानावर तिने सुरीच्या इंग्रजी शब्दाला 'क्नाइफ' म्हटले. हैदर पोट धरून हसले. "तो पहिला के मुका हाय. त्याला बोलतं करू नको, नुसता बसू दे."

हलिमाला प्रत्येक शब्दाचा अर्थ तिथल्या तिथे हवा असे. ती कानामागची पेन्सिल काढून माझ्या समासात मराठीत लिहू लागे. हैदरना ते पटत नसे. "शब्द अडला तरी पुढं चालायचं गो. पुढच्या पानावर तो पुन्हा भेटेल. दोन-तीनदा भेटला की आपोआप ओळख पटते. माणसांचं काय वेगळं असतं?"

"तोवर गोष्ट कोण सांभाळणार?" असे म्हणून ती लिहितच राही.

'रिलक्टंट' या शब्दापाशी हैदर बराच वेळ अडले. मन नसताना करणे, असे त्यांनी सांगितले, पण त्यांचे समाधान होईना. हलिमा म्हणाली, "म्हणजे माहेराहून निघताना पाय उचलत नाय, तसं?" हैदर म्हणाले, "तसंच. एवढी वर्षं मला नीट सांगता येत नव्हतं." एकदा मार्था बोटात काहीतरी घालून शिवायला बसते असे वाक्य आले. 'थिंबल' म्हणजे काय ते हैदरना ठाऊक नव्हते. जहाजावर त्यांनी ते कधी पाहिले नव्हते. हलिमाने वाक्य पुन्हा वाचले आणि ओरडली, "अंगुस्तान! शिवताना सुई टोचू नये म्हणून घालतात ते!" त्या दिवशी तिने रात्रीच्या भाकऱ्या थापतानाही तो शब्द म्हटला. मित्रांनो, माझ्या आयुष्यातली चांगली वर्षे कोणती असे विचाराल, तर ती हीच.

माझा शेवटचा भाग तेवढा राहिला होता. मार्थाच्या भावाचे जहाज बेपत्ता झाले होते. हलिमा रोज विचारी, "अब्बा, तो येतो का परत?" हैदरना सारे माहीत होते, पण ते सांगत नसत. "वाच, मग कळेल."

आणि त्याच दिवसांत मस्कतहून गावच्याच एका माणसाचा फोन आला. अझीम परांचीवरून पडला, त्याला दवाखान्यात नेले आहे. फोन करणाऱ्याला एवढेच माहीत होते. त्याने दवाखान्याचा नंबर दिला.

हलिमा सासऱ्यांचा हात धरून बाजारातल्या फोन बूथवर गेली. निघताना तिने मला पिशवीत टाकले. एखादा शब्द अडला तर हाताशी असावे, असे तिला वाटले असेल. माझा काही उपयोग होणार नव्हता, पण त्या घाईत तिला माझी आठवण झाली, हे मी विसरले नाही.

फोन लागला. बोलायचे हैदरनी, असे ठरले होते. जन्मभर ते गोऱ्या साहेबांशी बोलले होते. पण पलीकडून नर्सचा आवाज आला आणि त्यांच्या तोंडून "माय सन... माय सन..." यापुढे काही निघेना. हलिमाने रिसीव्हर त्यांच्या हातातून काढून घेतला.

तिने अझीमचे नाव सांगितले. पलीकडची बाई भरभर बोलत होती. डॉक्टर नाहीत, नंतर फोन करा, असे काहीसे ती सांगत होती. ती आता फोन ठेवणार, हे हलिमाला कळले. तेव्हा तिने माझ्यातले वाक्य उचलले. मार्था बंदरावरच्या कप्तानापुढे हात जोडून जे म्हणते, ते.

"आय बिसीच यू," हलिमा म्हणाली. मी तुमच्या पाया पडते, असा त्याचा भाव.

आजकाल असे कोणी बोलत नाही, मित्रांनो. तो माझ्यासारख्या म्हाताऱ्या पुस्तकातला शब्द. नर्सने विचारले, काय म्हणालात? हलिमाने तो पुन्हा म्हटला. मग नर्सचा आवाज बदलला. थांबा, म्हणाली. बऱ्याच वेळाने ती परत आली आणि हळू, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "ही इज स्टेबल."

हलिमाने फोन ठेवला आणि ती बूथच्या दारातच खाली बसली.

"अब्बा, त्यांनी अझीमला तबेल्यात ठेवलाय!"

तिची चूक नव्हती. 'स्टेबल' हा शब्द माझ्यात अनेकदा येतो. मार्थाचे घोडे जिथे बांधतात, ती जागा. समासात तिनेच पेन्सिलीने लिहिले होते, तबेला. दुसरा अर्थ माझ्या एकाही पानावर नव्हता.

हैदरनी हाताने चाचपत तिचे डोके शोधले आणि त्यावर हात ठेवला. "नाय गो, नाय. तो तबेला वेगळा. वादळात जहाज हेलकावत असतं ना, ते सरळ झालं की आमचा कप्तान म्हणायचा, शी इज स्टेबल. म्हणजे आता बुडत नाय. आपला अझीम बुडत नाय, हलिमा."

बाजारातली माणसे बघत होती आणि ती दोघे सासरा-सून दारात बसून रडत होती.

अझीम परत आला तो लंगडत, पण आला. घर दुखण्यात आणि औषधात गुंतले. माझी खूण जिथे होती तिथेच राहिली. त्या काळात माझे नाव मात्र फार झाले. ज्यांची माणसे आखातात होती, ते फोन करायचा असला की हलिमाला बोलावू लागले. इतके इंग्रजी कुठे शिकलीस, असे कोणी विचारले की ती माझ्याकडे बोट दाखवी. मग हैदर गेले. त्यानंतर तिने मला एकदा हातात घेतले, खुणेचे पान उघडले आणि मिटून टाकले. ऐकणारा नसताना तिला वाचवेना.

हलिमाच्या ओळखीची, पोलादपूरजवळच्या कापडे गावची नीला महाडला कॉलेजात येत असे. हलिमाने मोठ्या हौसेने मला तिच्या हाती दिले. तिकडे भाताची लावणी चालू होती. मी तिच्या घरी खुंटीवरच्या पिशवीत राहिले आणि तशीच परत आले. "चाची, हे परीक्षेला नाय येत," नीला म्हणाली. "मी गाइड आणलंय." तिला मी दोष देत नाही. तिला पास व्हायचे होते.

पुढे एका जुलैत सावित्री नदीचे पाणी घरात शिरले. हलिमा आणि अझीम यांनी तांदूळ, गोधड्या, भांडी वर नेली. मी खालच्या फडताळात राहिले. पाणी ओसरल्यावर हलिमाने मला चिखलातून काढले, धुतले आणि सरळ व्हावे म्हणून वर दगड ठेवून कडक उन्हात वाळवले. तिने ते मायेनेच केले. पण माझी शेवटची पाने एकमेकांना चिकटून पुठ्ठ्यासारखी झाली. मग मी माळ्यावर गेले.

मित्रांनो, पुस्तक भिजले तर त्याला उन्हात टाकू नका, त्यावर वजन ठेवू नका. सावलीत उभे करा, पानापानांत कोरडा कागद घाला आणि धीर धरा. आणि वाचायला घेतलेले पुस्तक, ऐकणारा जवळ आहे तोवर वाचून घ्या. माझे मागणे एवढेच आहे.

अझीम आता रिक्षा चालवतो. वीर स्टेशनवरून महाडला माणसे आणतो. परवा दुपारी जेवून तो खाली आडवा झाला होता. अचानक म्हणाला, "हलिमा, अब्बा तुला वाचायला लावायचे त्या पुस्तकात असं होतं तरी काय गो?"

हलिमा भांडी घासता घासता सांगू लागली. मार्था, घोडे, बंदर, भाऊ. आपल्या मराठीत, मध्येच एखादा माझा शब्द घालून. तिला सगळे आठवत होते. अझीम उठून बसला. जहाज बेपत्ता झाले, तिथे ती थांबली.

"मग? आला का तो?"

हात पुसून ती शिडी चढली. मला खाली नेले. तिने चिकटलेल्या पानांत नख घातले, वाफ दिली, फुंकर मारली. पहिलेच पान फाटले. त्यावरचे शब्द अर्धे इकडे, अर्धे तिकडे गेले. तिचा हात थांबला.

"राहू दे," अझीम म्हणाला. "तूच सांग, काय झालं असेल."

हलिमाने मला मिटून मांडीवर घेतले. मग तिने सांगायला सुरुवात केली. माझ्या पानांत काय छापले आहे, ते मला ठाऊक आहे. पण ती जे सांगत होती, ते त्यातले नव्हते. आणि मित्रांनो, एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच, पुढे काय होणार हे माहीत नसताना मी ऐकत होते.