अगत्तीहून पोर्ट ब्लेअर

केनवडच्या जगदेवांचा भाजीपाल्याचा मळा होता. दोन्ही लेकरं मात्र नोकरीपायी समुद्रात जाऊन बसली होती. राखी लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर नर्स, धाकटा हरीओम अंदमानात, पोर्ट ब्लेअरच्या एका हॉटेलात. फोनवर दोघांच्याही मागं सारखाच निळा समुद्र अन् सारखीच नारळाची झाडं दिसायची. दोन्हीकडं विमानतळ आहे, एवढं जगदेवांना ठाऊक होतं.

हरीओमचं अपेंडिक्स फुटलं, तातडीनं ऑपरेशन झालं. जगदेव जन्मात विमानात बसले नव्हते. त्यांनी राखीला फोन लावला.

"भावाजवळ जाय. सकाळी निंग, दुपारी पोचशीन."

"बाबा, इथून तिकडं सरळ विमान नाही. आधी..."

"काहून नाही? बेटावरून बेटावर जायले कितीक वेळ लागते?"

"ऐका तर..."

"लगन झालं की भाऊ परका होते का वं?" म्हणत त्यांनी फोन कापला.

दुसऱ्या दिवशी बाजारात शेजारच्या शालिग्रामनं हरीओमची खुशाली विचारली. वांगी घेणाऱ्या बायांना ऐकू जाईल अशा आवाजात जगदेव म्हणाले, "पोरगी बाजूच्याच बेटावर हाय, पण भावापाशी जायले तिले सवड नाही. दगड हाय, दगड!"

बायांनी वळून पाहिलं. घरी त्यांच्या बायकोनं, सोजरबाईनं, राखीला फोन लावला, तो बंद होता.

"पाह्य, फोनबी बंद केला तिनं," जगदेव म्हणाले.

तिसऱ्या दिवशी दुपारी हरीओमचा व्हिडिओ कॉल आला. त्याच्या खाटेजवळ, स्टुलावर, भिंतीला डोकं टेकून राखी झोपली होती. मांडीवरची बॅगही तिनं खाली ठेवली नव्हती.

"ताई कवा आली?" सोजरबाईनं विचारलं.

"आत्ताच. काल कशीबशी लहान विमानात जागा भेटली, तं कोचीले आली. रातभर तिथंच विमानतळावर बसली. मंग चेन्नई, मंग इथं. बाबा, ती तिकडच्या समुद्रात, मी इकडच्या. मधात अख्खा देश हाय. सरळ मोजलं तरी दोन हजार किलोमीटरच्या वर भरते."

बोलण्यानं राखीला जाग आली. फोनकडं पाहत ती म्हणाली, "बाबा, जेवले का?"

त्यांनी फोन सोजरबाईच्या हातात दिला अन् ते अंगणात निघून गेले.

पुढच्या बाजारी त्यांनी आपणहून शालिग्रामला सांगितलं, "त्या दिवशी मी पोरीबद्दल खोटं बोललो. ती गेली होती. लय दुरून गेली." त्या दिवशी ऐकणाऱ्या बाया मात्र कुठंच दिसल्या नाहीत.

संध्याकाळी त्यांनी राखीला फोन केला. "मी तुले नाही नाही ते बोललो."

"बोलले त्याचं काही नाही. पण तुमी मले सांगूच देल्लं नाही, बाबा."

"आता सांग. कशी गेली, सारं सांग."

राखी सांगू लागली. जगदेव नुसतं 'हं' म्हणत ऐकत राहिले.

"कोचीच्या विमानतळावर मी लय रडली, बाबा," ती म्हणाली.

"तिथं काही जेवली होती का वं?" जगदेवांनी विचारलं.