नारिंगी रिबिनी

मामाने अर्ज आणला तो थेट वनखात्याच्या कार्यालयात, रांगेत उभा राहून. घरी भाचीच्या हातात ठेवला असता तरी चाललं असतं. वडील गेल्यापासून ती त्याच्याच घरात वाढली होती आणि अजूनही वरच्या खोलीत राहत होती. पण मामाचं आपलं एकच, काम ते काम. खिडकीच्या आत भाची, बाहेर मामा, आणि दोघांच्याही चेहऱ्यावर ओळखीची खूण नाही.

"कसली परवानगी हवी?"

"संरक्षित माळावर धावण्याची शर्यत घ्यायचीय. दरवर्षीचीच."

"मार्ग तोच?"

"तोच. आणि मॅडम, जरा हात चालवा. घरी तुमचं जेवण थांबलंय."

मागे उभा असलेला माणूस फिस्सकन हसला. भाचीने मान खाली घालून शिक्का मारला.

माळ गावाच्या टोकाला होता. गवत, दगड, मधूनमधून काटेरी झुडपं. जागा सार्वजनिक, पण राखीव, कारण धाविक पक्षी तिथे जमिनीवरच अंडी घालत. घरटं म्हणावं असं काही ते बांधत नाहीत. मातीत उथळ खळगा आणि त्यात मातीच्याच रंगाची अंडी. पुढ्यात असली तरी दिसत नाहीत, पायाखाली आली तरच कळतात. भाचीचं काम त्यांची पाहणी करण्याचं.

मामाने धावण्याचा क्लब काढला तेव्हा गावाभोवती मोकळी जमीन होती. आता सगळीकडे डांबर आणि कुंपणं. हा एक माळ उरला होता. तिथली शर्यत हेच मामाचं वर्ष होतं. बाकीचे महिने तो नुसते काढायचा. पण भाचीच्या साहेबांनी या वर्षी बजावलं होतं, एका जरी घरट्याला धक्का लागला तर शर्यत कायमची बंद.

"नाव धाविक," मामा जेवताना म्हणाला, "म्हणजे आमच्याच जातकुळीतले. मग आमच्याशी वाकडं कशाला?"

"ते अंड्यांवर बसतात, तुम्ही नुसते घाम गाळता," भाची म्हणाली.

मामी वाढता वाढता थांबली. "स्वतःच्या भाचीसमोर रांग लावलीत म्हणे! उद्या पाण्याच्या ग्लासासाठीही मी अर्ज मागेन हं."

सगळे हसले. मग मामाने सहज विचारलं, "पण घरटी नेमकी आहेत कुठे? म्हणजे मी लांब राहीन."

"ते बाहेर सांगता येत नाही, मामा. अंडी चोरणारे असतात."

"बरोबर आहे. नियम तो नियम." त्याला वाईट वाटलं नाही, उलट अभिमानच वाटला. तिलाही स्वतःचा जरासा वाटला.

पाहणीची पद्धत अशी होती. घरटं सापडलं की त्याच्या उत्तरेला, थोड्या पावलांवरच्या झुडपाला रिबीन बांधायची. पाटी लावायची नाही. दक्षिणेकडे कुठे बघायचं ते कार्यालयातल्या माणसांना ठाऊक, बाहेरच्याला ती नुसती चिंधी. त्या हंगामात कार्यालयातल्या रिबिनी संपल्या आणि नवीन काही येईनात. भाचीने घरी विचारलं. मामाने माळ्यावरून भलंमोठं रीळ काढून दिलं. "घे, हवं तेवढं. आमच्याकडे ढीग पडलाय."

रीळ नारिंगी होतं. ती रिबीन कशाला हवी हे मामाने विचारलं नाही, कुठे बांधली हे तिने सांगितलं नाही. सांगायचं नाही हाच तर नियम होता.

शर्यतीचा मार्ग जुन्या गाडीवाटेने जायचा. एका उंचवट्यापाशी वाट डावीकडे वळायची. घरटी उंचवट्याच्या पलीकडे, वाटेवरून न दिसणारी. भाचीने सगळं पायी तपासलं आणि परवानगीची शिफारस केली. आदल्या दिवशी मामाने स्वतः वाटेवर रिबिनी बांधल्या. क्लबच्या पोरांना त्याने एकच गोष्ट घोटवली होती, "पायाकडे बघू नका. पुढची नारिंगी शोधा आणि सुटा."

वळणावरची रिबीन वाऱ्याने उडाली. एवढंच झालं.

भाची लांब टेकाडावर दुर्बीण घेऊन उभी होती. पहिली धावणारी मुलगी उंचवट्यापाशी आली, वळणावर तिला काही दिसलं नाही, म्हणून वर चढली. समोर नारिंगी. त्यापुढे आणखी नारिंगी. ती सुटली आणि तिच्यामागे सगळा लोंढा. रिबिनीपासून रिबिनीपर्यंत, घरट्यापासून घरट्यापर्यंत. पक्षी एकामागून एक उठले आणि वर घिरट्या घालू लागले. भाचीने दुर्बीण खाली केली. रीळ कुठून आलं होतं ते तिला तेव्हा आठवलं.

मामा वळणाच्या अलीकडे होता. तो धावत वर गेला, दोन्ही हात हलवत ओरडू लागला, "थांबा! मागे फिरा!" वारा उलटा होता. आणि आयुष्यभर तो असाच तर ओरडत आला होता, वाटेच्या कडेला उभा राहून, हात हलवत. पोरांनी त्याला पाहिलं आणि वेग वाढवला. एकाने तर मूठ वर करून त्याला दाद दिली.

शर्यत संपल्यावर जिंकलेली मुलगी धापा टाकत मामाकडे आली. "काका, पहिली आले ना मी?" तिच्या बुटाच्या तळव्याला पिवळं, चिकट काहीतरी लागलं होतं आणि त्यात कवचाचे तुकडे. मामा म्हणाला, "हो बाळा, पहिलीच." मग तो बाजूला जाऊन दगडावर बसला.

संध्याकाळी स्वयंपाकघरात दिवा लागला तरी कोणी पानावर बसेना.

"अहवालात लिही, क्लब मार्ग सोडून गेला," मामा म्हणाला.

"रिबिनी माझ्या होत्या, मामा."

"माझ्या होत्या. मी दिल्या."

"बांधल्या मी ना!"

"अगं पोरी, शर्यत गेलीच आहे. निदान तुझी नोकरी राहू दे."

मामीने कधी नव्हे ते चेष्टा केली नाही. "दोघंही गप्प बसा," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी भाचीने साहेबांना सगळं खरं सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकलं. "पुढच्या वेळी दुसरा रंग वापर," ते म्हणाले. तिला वाटलं होतं त्यापेक्षा हे फार सोपं गेलं.

"मग शर्यत? चूक क्लबची नाही, सर. माझी आहे."

"म्हणूनच बंद. चूक तुझी आणि सवलत तुझ्या मामाला, असं झालं तर लोक तोंडात शेण घालतील आपल्या."

"ते रांगेत उभे राहिले होते, सर."

"ते कोण बघतं?"

त्यानंतरच्या सकाळी खिडकीसमोर मामा उभा होता. रांगेतच. त्याची पाळी आली.

"कसली परवानगी हवी?" भाचीने विचारलं.

"माळावर जायचंय. रिबिनी सोडायच्यात."

या वेळी जेवणाचा विषय निघाला नाही. तिने शिक्का मारला, शेजारच्याला खिडकीवर बसवलं आणि त्याच्याबरोबर निघाली.

मामा माळावर कधी चालल्याचं तिने पाहिलं नव्हतं, नेहमी पळतच असायचा. आज तो चालत होता. वाटेवरच्या रिबिनी सोडून दोघं उंचवटा चढले. पलीकडे नारिंगी तुकडे फडफडत होते. एक धाविक जमिनीवर थोडा पळायचा, थांबायचा, खाली बघायचा, पुन्हा पळायचा.

मामाने एका झुडपाला हात घातला आणि थांबला. "ही तुझी की माझी?"

तिने दक्षिणेकडे थोड्या पावलांवर पाहिलं. माती बुटांच्या ठशांनी उकरलेली होती.

"माझी," ती म्हणाली.

मामाने गाठ सोडली, रिबीन बोटांभोवती गुंडाळली आणि स्वतःच्या खिशात ठेवली.