जाळीपलीकडची हवा

शुभ्राने टेबलावर हात आपटला. स्क्रीन तिसऱ्यांदा काळी झाली होती. या वेळी चित्र बासष्ट टक्के तयार झाल्यावर. तिने पुन्हा बटण दाबलं. कॉम्प्युटरच्या उघड्या डब्यातले पंखे गरगरले, त्यांचे निळे दिवे लागले.

तिच्या खुर्चीमागे उभ्या असलेल्या दत्तप्रसादांनी टिश्यूची बोटभर पट्टी फाडली, गुडघे टेकले आणि ती कॉम्प्युटर थंड ठेवणाऱ्या रेडिएटरच्या मागे धरली. पट्टी हलली नाही.

"बघ. पंखे फिरतायत, पण पलीकडे हवा पोचतच नाहीये."

"बाबा, प्लीज. डोन्ट टच एनीथिंग."

"हात कुठे लावतोय? रेडिएटर म्हणजे दाट जाळी. तिच्यातून हवा ढकलायला जोर लागतो. हे तुझे पंखे मोकळ्यावर वारा घालणारे."

"फोरमवर सगळ्यांनी हेच सांगितलेत. इट्स नॉट अ बिल्डिंग, बाबा!"

ते उठले. पट्टीची गोळी करून खिशात टाकली.

पंचवीस वर्षं त्यांनी इमारतींमध्ये हवा खेळवली होती. आधी मुंबईत, मग इथे, शारजात येऊन. अल रीम आयलंडवरच्या टॉवरचं काम दोन हजार नऊच्या जानेवारीत थांबलं आणि कंपनीने कामावरून काढलेल्या एकशे चाळीस जणांची यादी लावली; तीत त्यांचंही नाव होतं. त्याच्या आदल्याच आठवड्यात हवा नेणाऱ्या डक्टच्या मापावरून त्यांनी चौथ्यांदा हरकत घेतली होती आणि मॅनेजर म्हणाला होता, "खलास, मिस्टर दत्ता." यादीचा आणि हरकतीचा काही संबंध नव्हता, हे त्यांना कळत होतं. तरी ते वाक्य दीड वर्ष कानातून जात नव्हतं. हमरियातल्या एका फॅक्टरीने इंटरव्ह्यूला बोलावलं, चहा पाजला आणि तुम्ही या जागेसाठी फार मोठे आहात म्हणून परत पाठवलं. तेव्हापासून फ्रिज भिंतीला किती चिकटलाय, लिफ्टमधला पंखा उलटा कसा बसवलाय, हेच सांगणं चालू होतं. सुचित्रा, त्यांची बायको, शाळेत शिकवायची. तिच्याच पगारावर शारजातलं घर उभं होतं. ती एकदा म्हणाली होती, "अहो, घरात तरी साइट इंजिनियर होऊ नका."

शुभ्रा इमारतींची चित्रं करायची, बांधून झाल्यावर दिसतील तशी. सहा महिने किरकोळ कामं केल्यावर तिला एका पूर्ण चित्राचं काम मिळालं होतं. उद्या संध्याकाळी पाचपर्यंत चित्र पोचलं, तर काम देणारी फर्म तिला कायम घेणार होती.

चौथ्यांदा कॉम्प्युटर एकाहत्तर टक्क्यांवर बंद पडला. शुभ्रा बराच वेळ तोंड झाकून बसली.

"सकाळी दुकान कधी उघडतं?" दत्तप्रसादांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी रोला बाजारातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात खैरुद्दीनने काउंटरवर सगळ्यात झगझगीत खोका ठेवला. "साहब, ये लो. नब्बे सीएफएम हवा फेंकता है. तूफान है."

"वो तो खुले में. सामने जाली आयी तो कितना?"

खैरुद्दीनने खोका उलटसुलट केला. तसा आकडा त्यावर नव्हता.

"प्रेशर का नंबर लिखा हो, ऐसा दिखाओ."

तासभर गेला. खैरुद्दीन शिडीवर चारदा चढला. शुभ्रा घड्याळ बघत दारात येरझाऱ्या घालत होती. शेवटी दत्तप्रसादांनी रुंद, एकमेकांना खेटलेल्या पात्यांचे दोन करडे पंखे निवडले.

"दे आर सो अग्ली."

"पंचेचाळीस दिरहम एक. म्हणजे साडेपाचशे रुपये," ते पुटपुटले.

"बाबा, डोन्ट कन्व्हर्ट! यल्ला, चला लवकर."

घरी आल्यावर एक स्क्रू हातातून पडला आणि सापडेना. शुभ्रा करवादली, मग तेही करवादले. स्क्रू तिच्याच पायाखाली निघाला. करडे पंखे रेडिएटरवर बसले. निळ्या दिव्यांचे जुने पंखे त्यांनी टाकले नाहीत; एक पुढे, जिथे काही आडवं येत नव्हतं, तिथे बाहेरची हवा आत घ्यायला; दुसरा मागे, तापलेली हवा बाहेर फेकायला. "हे इथे उत्तम काम करतील," ते म्हणाले.

टिश्यूची पट्टी या वेळी आडवी होऊन फडफडली. शुभ्राने ती पाहिली आणि खुर्ची पुढे ओढली. एक वाजता तिने काम पहिल्यापासून सुरू केलं. बासष्ट टक्के गेले. एकाहत्तर गेले. दोघांनीही जेवण ताटात तसंच ठेवलं होतं.

चार चाळीसला चित्र पूर्ण झालं.

संध्याकाळचं आकाश, चाळीस मजल्यांचा टॉवर, खिडकीखिडकीतून दिवे. दत्तप्रसादांनी चष्मा लावला आणि वाकून पाहिलं. मग मधले मजले पाहिले. मग परत वरून खाली. सगळीकडे अखंड काच होती. हवा खेळवणाऱ्या यंत्रांचा मजला कुठेच नव्हता. हवा आत घ्यायला एवढ्या मोठ्या इमारतीला एक फटसुद्धा ठेवलेली नव्हती.

त्यांचं बोट स्क्रीनकडे गेलं.

शुभ्रा वळली. "काय?"

कोपऱ्यातल्या घड्याळात चार बेचाळीस झाले होते.

"इथे," ते म्हणाले. बोट क्षणभर तसंच राहिलं. "इथे उजेड छान पडलाय."

"नुसतं छान? बाकी काही नाही?"

"पाठव."

ती त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. मग तिने चित्र पाठवलं. दत्तप्रसादांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने काचा पुसत ते तिथेच उभे राहिले.